दोन दहिवरांच्या मधला दिवस

बुधवार

सलग तीन रात्री दहिवर पडलं. आज सकाळी पडदा सारला तर गवत चक्क हिरवं. रात्रभर ढग होते, त्यांची कृपा. परवापासून आभाळ पुन्हा निवळणार म्हणतात. आभाळ निवळलं आणि वारा पडला की जमिनीतली ऊब रात्री सरळ वर निघून जाते, मग भिंतीवरचा तापमापक ४ अंश दाखवत असला तरी खाली गवतावर पांढरी साय धरलेली असते. त्या तापमापकानं मला दोनदा फसवलंय. म्हणून आजचा दिवस हातचा घालवायचा नाही असं ठरवलं.

ठरवलं खरं, पण दहापर्यंत बाहेर पाऊल टाकलं नाही. गेल्या आठवड्यात भल्या पहाटे गोठलेल्या गवतावरून चालत गेले होते, पायाखाली कुरकुर वाजत होतं, मजा वाटली. त्या पावलांचे ठसे आता तपकिरी होऊन उमटलेत. दारापासून कुंपणापर्यंत आणि परत. चोर येऊन काही न घेता गेल्यासारखं दिसतं.

बाग म्हणायची ती केवढी! दोन वाफे, सतरंजीएवढं गवत, कुंपणाला चार गुलाब आणि अकरा कुंड्या. आता दहाच. मातीची मोठी कुंडी फुटलीय. पाण्याचं बर्फ होताना ते साधारण ९ टक्के फुगतं, आणि ही कुंडी जमिनीला चिकटून ठेवलेली, तळाचं भोक बंद, आत माती ओलीगच्च. एका बाजूचं खापर गळून पडलंय आणि माती मात्र कुंडीच्या आकारात तशीच उभी आहे, वरच्या काठाचा गोल ठसासुद्धा शाबूत. मुळं बाहेरून जाळीसारखी दिसत होती. बराच वेळ बघत बसले. मग रोप बादलीत हलवलं आणि बाकीच्या कुंड्यांखाली विटांचे तुकडे सरकवले. हे काम थंडीच्या आधीचं होतं, मला माहीत आहे.

खरा त्रास कात्रीचा. हातात कात्री आली की मला सगळंच वाळकं दिसायला लागतं. गेल्या हिवाळ्यात हायड्रेंजियाची तपकिरी फुलं डोळ्यांत खुपत होती म्हणून एका दुपारी सगळ्या फांद्या अर्ध्यावर आणल्या. काय सुबक दिसत होतं झुडूप! उन्हाळ्यात पानं आली, भरभरून आली, फूल एकही नाही. मोठ्या गोल गेंदांच्या जातीत पुढच्या फुलांचे डोळे जुन्या फांदीवर आधीच धरलेले असतात. मी ते कापून पालापाचोळ्यात टाकले होते. आणि ती वाळकी फुलंच त्या डोळ्यांवर छत्री धरून असतात. आज त्या झुडपाजवळून कात्री पाठीमागे लपवून गेले. हसू नये, पण खरंच गेले.

जिरेनियमची पानं काळी, उकडल्यासारखी लोंबलेली. गेलं, असं वाटलं. तरी सवयीनं देठाची साल नखानं खरवडली. वरून दोन बोटं तपकिरी, त्याच्या खाली पुन्हा खरवडली तर ओलसर पोपटी. जिवंत आहे! लगेच कापायचा मोह आवरला. वरचा मेलेला भाग खालच्याला थोडंफार पांघरूण देतो, आणि आत्ता छाटलं की कोवळे धुमारे फुटून पुढच्या दहिवरात तेच आधी जातात. कुंडी उचलून भिंतीशी नेली. भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री हळूहळू सोडते. गार हवा जड, ती उतारानं येऊन कुंपणाच्या खोलगट कोपऱ्यात साचते. तिथली शेवंती पार झोपली, दहा पावलांवरची भिंतीजवळची अजून ताठ. रोपं एकाच काडीपासून केलेली.

गुलाबाला हात लावला नाही. डोळे फुगायला लागले की बघू.

मग तरीही दुपारी केलं काय? पानं गोळा केली. गवतावरची आणि रोपांच्या गड्ड्यावर कुजत पडलेली तेवढीच. वाफ्यातली राहू दिली. कोपऱ्यात ढीग घातला, त्याचं खत व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतील. एक पोकळ वाळकी काडी मोडली तर आत ढालकिडे, लाल, एकमेकांना चिकटून पाच. निपचित. त्यांनीच उन्हाळ्यात मावा खायचा आहे. काडी जशीच्या तशी वाफ्यात खोचून ठेवली आणि बाकीच्या काड्या तोडायचं तिथंच थांबवलं.

छपराखालची माती कोरडी ठणठणीत होती, तिला पाणी घातलं. शेजारच्या आजींनी कुंपणावरून विचारलं, "अगं, एवढ्या थंडीत पाणी?" म्हटलं, आजी, ओली माती ऊब जास्त धरते. त्यांनी मान हलवली, पटल्याची नव्हे.

संध्याकाळी ढग विरळ झाले, परवाचं आजच आलं. जुन्या चादरी काढल्या, चार काठ्यांवर टाकल्या, पानांना टेकणार नाहीत अशा, आणि कडेनं विटा. आत येऊन हात धुतले, नखांतली माती निघेना. तेवढ्यात पाइप आठवला. नळाला तसाच लावलेला, पाण्यानं भरलेला. अंधारात परत बाहेर. नळावरून सोडवला, एक टोक डोक्यावर धरून हातभर हातभर पुढं सरकवत आणला. शेवटचं ओंजळभर पाणी नेमकं उजव्या बुटात गेलं.