‘हलकी रपेट’ म्हणजे नेमकी किती?

बाबांना फोनवर सांगितलं, बदामला लोनवर देतेय. पलीकडे जरा वेळ शांतता. मग, “म्हणजे भाड्यानं?” भाडं नाही हो. “मग विकतीयस?” विकतही नाही. घोडा माझाच राहणार, सांभाळणार दुसरं कुणीतरी. चंदी, चारा, नाल, जागा हा सगळा खर्च त्यांचा आणि रपेटही त्यांची. “असं होय. आपल्याकडं वाट्यानं शेळी देतात तसं.” करडांचा वाटा सोडला तर अगदी तसंच. इंग्लंडमध्ये इतकी वर्षं राहून मला जे चार वाक्यांत सांगता येत नव्हतं, ते बाबांनी साताऱ्यात बसून एका वाक्यात बसवलं.

आईच्या आजारपणामुळे वर्षातले चार-पाच महिने मला साताऱ्यात राहावं लागणार होतं. आणि बदाम असतो डर्बीशरच्या डोंगरात, एका लिव्हरी यार्डात. म्हणजे पैसे भरून घोडा ठेवायची पागा. नुसता जागेचा प्रश्न असता तर पैसे टाकून सुटला असता. खरी अडचण त्याच्या मागच्या पायात होती.

घोड्याच्या मागच्या पायाचा जो सांधा उलट्या गुडघ्यासारखा दिसतो, तो खरं तर त्याचा घोटा. इथे त्याला हॉक म्हणतात. बदामच्या दोन्ही हॉकांच्या खालच्या सांध्यांत संधिवात आहे, डावा जास्त. याला बोन स्पॅव्हिन म्हणतात. व्हेटने, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरनं, पाय मिनिटभर वर मुडपून धरला, सोडल्याबरोबर दुडकीवर पळवला, आणि पहिल्या सहा पावलांत मला नको ते दिसलं. एक्स-रेने शिक्कामोर्तब केलं. हे खालचे सांधे मुळात फार हलत नाहीत. कधीकधी हाडं आपसात जुळून जातात आणि दुखणंच थांबतं, पण ते कधी, आणि जुळतील का, हे कुणी सांगू शकत नाही. तोवर सपाट जमिनीवर सरळ रेषेत नेमानं चालणं चांगलं. उड्या, छोटी वर्तुळं, भुसभुशीत जमीन, चढ-उतार वाईट. रात्रभर तबेल्यात उभं राहणंही वाईट, सकाळी अंग आखडून जातं. आता डर्बीशरमध्ये सपाट रस्ता शोधून दाखवा.

पहिली जाहिरात मी बारकाईनं लिहिली, म्हणजे बारकाईनं लपवून लिहिली. “१४ वर्षांचा, प्रेमळ, समजूतदार, हलक्या रपेटीसाठी उत्तम.” दोन दिवसांत वीसेक निरोप. एका बाईंना बारा वर्षांच्या मुलीसाठी घोडा हवा होता. ‘हलकी रपेट’ म्हणजे शनिवारी छोट्याशा उड्या, एवढंच, असं त्या म्हणाल्या. एका गृहस्थांची हलकी रपेट तीन तासांची होती. एकांनी फोनवर बरंच गोड बोलल्यावर विचारलं, दुखण्यावरची पावडर दिली की उड्या मारेल ना?

मारेल ना! ब्यूट नावाच्या त्या औषधाची पुडी दिली की घोड्याला दुखत नाही, आणि न दुखणारा घोडा काहीही करतो. मी फोन ठेवला आणि जाहिरात काढून टाकली. त्या माणसाचा राग आला होताच, पण ‘हलकी’ हा शब्द मीच वापरला होता.

आणखी एक निरोप आला तो वेगळाच. घोडा कसाही चालेल, फक्त दुसऱ्या घोड्याच्या सोबतीला हवा, उद्याच गाडी पाठवतो. मी म्हटलं, आधी जागा बघायला येते, करार करू. त्यावर “कराराबिराराची काय गरज” आणि मग काहीच नाही. सोबतीला म्हणून नेलेले घोडे औषध देऊन सरळ चालवून दाखवतात आणि धडधाकट म्हणून विकतात, अशा गोष्टी यार्डात प्रत्येकाकडे असतात. त्या माणसाच्या मनात काय होतं देव जाणे. पण पासपोर्ट ही मालकीची पावती नव्हे, हे मला तेव्हा नीट कळलं. इथे प्रत्येक घोड्याला पासपोर्ट, म्हणजे ओळखीची पुस्तिका, लागतो. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२० पासून मायक्रोचिपही सक्तीची झाली. शिवाय पासपोर्ट घोडा जिथे राहतो तिथेच ठेवायचा, म्हणजे तो सांभाळणाऱ्याच्या हातात जाणार. मालकी सिद्ध करायची तर खरेदीची पावती आणि लेखी करार, हेच माझ्याकडे उरणार होतं.

दुसरी जाहिरात नकारांनी सुरू केली. उड्या नाहीत. वर्तुळात फिरवणं नाही. उतारावर दुडकी नाही. रात्री कोंडून ठेवणं नाही, कुरण चोवीस तास हवं. स्वाराचं वजन खोगिरासकट ७५ किलोच्या आत. तेवढं सगळं लिहून झाल्यावर, हो, प्रेमळ आहे.

तीन निरोप आले. त्यातला एक लिंकनशरहून, निवृत्त शिक्षिकेचा. लिंकनशर म्हणजे पाटासारखं सपाट. पण मला खरं पटलं ते त्यांच्या पहिल्या प्रश्नानं: “नालबंद मागचा पाय उचलतो तेव्हा हा किती वेळ धरू देतो?” हॉक दुखणाऱ्या घोड्याला पाय उंच, मुडपून धरून ठेवणं जड जातं. आमचा नालबंद त्याचा पाय अगदी खाली, जवळजवळ जमिनीलगत धरून काम उरकतो, आणि मध्ये दोनदा सोडतो. हे ज्यांना विचारावंसं वाटलं त्यांनी असा घोडा आधी सांभाळलेला असणार.

त्या बघायला आल्या त्या दिवशी मी मुद्दाम त्याला आधी फिरवलं नाही. लोक पाहुणे येण्याआधी अर्धा तास चालवून घोडा मोकळा करून ठेवतात. मी तबेल्यातून थेट बाहेर काढला. सगळ्यात वाईट पहिली दहा मिनिटंच असतात, ती त्यांना दिसायला हवी होती. बदाम मागचे खूर घासत, म्हाताऱ्यासारखा निघाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या काही बोलल्या नाहीत, पायांकडेच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “जाड आहे.”

मला राग आला. मी त्याला खरारा करून चकाचक केला होता! पण त्यांनी छातीभोवती वजनाचा अंदाज देणारी फीत गुंडाळली तर आकडा ५६२ किलो. मी ५२० च्या आसपास धरून चालले होते. दुखऱ्या सांध्यांवर चाळीस किलो मीच चढवले होते, लाडानं. वर वसंतातल्या गवतावर जाड घोड्याला लॅमिनायटिसची, म्हणजे खुरांच्या आतल्या दाहाची भीती, ती वेगळीच.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. आदल्या दिवशीच्या रपेटीनंतर तो कसा उठतो ते बघायला. मी व्हेटचे सगळे कागद आणि एक्स-रे त्यांच्या व्हेटकडे पाठवले, त्यांनी आपल्या नालबंदाचा नंबर दिला. मग मी लिंकनशरला जाऊन कुरण, कुंपण आणि तिथली म्हातारी घोडी बघून आले. ठरलं, आधी चार आठवडे नुसते बघण्याचे.

करारासाठी ब्रिटिश हॉर्स सोसायटीचा नमुना हाताशी होता, तरी तो आमच्या कामाचा करायला दोन संध्याकाळी गेल्या. विमा कंपन्या आधीपासूनचं दुखणं धरत नाहीत, म्हणून हॉकचा खर्च माझा, बाकी आजारपण त्यांचं. बाहेर कुणाला इजा झाली तर त्यासाठीचा विमा त्यांचा. जागा बदलायची तर आधी माझी परवानगी. मला कधीही बघायला येता येईल, एक दिवस आधी कळवून. कुणालाही महिन्याच्या सूचनेनं करार मोडता येईल. हे शेवटचं मला जड गेलं, कारण मी साताऱ्यात असताना सूचना आली तर? पण घोडा माझा आहे. २००६ च्या अॅनिमल वेल्फेअर अॅक्टप्रमाणे मालकाची जबाबदारी लोनवर दिल्यानं संपत नाही. शेवटी आमच्या यार्डाच्या मालकिणीनं, अशा वेळी एक जागा रिकामी ठेवेन, असं मला लिहून दिलं.

एक कलम मी गाळलं होतं. त्यांनी पेन्सिलीनं समासात लिहिलं: रात्री दोनला पोटशूळ उठला, तुमचा फोन लागला नाही, व्हेट म्हणाला की त्याला यातनेतून कायमचं सोडवायला हवं, तर? साताऱ्यात घरात नेटवर्क येत नाही, गच्चीवर जावं लागतं. मी ते वाक्य तीनदा वाचलं आणि लिहिलं: व्हेटचा सल्ला अंतिम, माझी वाट बघू नये. सही करताना अक्षर वाकडं आलं.

बदाम ऑक्टोबरात गेला. जानेवारीत मी गच्चीवर उभी असताना त्यांचा निरोप आला. थंडीत डावा पाय पुन्हा अडतोय, मार्चपर्यंत खोगीर चढवणार नाही, चालेल का? म्हणजे रपेटीसाठी घोडा नेलेल्या बाई रपेट न करता तीन महिने त्याचा चारा भरणार होत्या. मी हो म्हटलं आणि व्हेटचं बिल माझ्याकडे पाठवायला सांगितलं. बिल आलं, त्यासोबत फोटोही. फितीवर ५२४.

बाबांनी फोटो बघितला. म्हणाले, “वाळवला की गं त्यांनी.”