वास आला तेव्हा काय केलं?

पुण्यातल्या दोन इंजिनिअर पोरांनी कांद्याच्या चाळीसाठी, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडसाठी, एक डबी बनवली होती. ती चाळीत ठेवायची. आत कुठे सड लागली की हवेतला फरक ओळखून मोबाइलवर इशारा येणार. कागदावरचा हिशोब चोख होता. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो, दिवाळीपर्यंत थोडा थोडा निघत राहतो, आणि तेवढ्या काळात वजनघट, सड, कोंब मिळून 30 ते 40 टक्के माल जाऊ शकतो. नव्या कंपन्यांसाठी होऊ घातलेल्या गिऱ्हाइकांशी बोलणं हे माझं काम. ही डबी घेणार कोण, हे बघायला आम्ही लासलगावला गेलो.

मुहूर्त मात्र भलताच निघाला. 19 ऑगस्ट 2023 ला केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं, नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, मग 2,410 रुपये क्विंटलने सरकारी खरेदीची घोषणा झाली. लिलाव पुन्हा सुरू होताच आम्ही बाजार समितीच्या आवारात हजर. "आज सडीबद्दल कोण बोलणार? परत जाऊ," असं पोरांचं मत. मी थांबायचं ठरवलं. वैतागलेला माणूस पाहुण्याचं मन राखत बसत नाही, आणि मला तेच हवं होतं.

माझी अट एकच असते: वस्तू पिशवीतून बाहेर काढायची नाही. धाकट्याला ती पाळवली नाही. रांगेतल्या एका ट्रॉलीवाल्याला त्याने थेट मोबाइल दाखवला. "लय भारी काम केलं भाऊ तुम्ही. निघाली का सांगा, घेऊ की!" पोरगा खूश. आपल्याकडे दारी आलेल्याला तोंडावर नाही म्हणायची रीत नाही, त्यामुळे असल्या होकाराची मी वहीत नोंदसुद्धा करत नाही. मी त्यांना विचारलं, यंदा चाळीवर पदरचे पैसे कशावर घातले? ताडपत्री, पावडर, मजुरी. सड कळावी म्हणून काही? ते हसले. "त्याला पैसे कशाला लागतात? नाक हाये ना."

दुपारी निफाड तालुक्यातल्या एका वस्तीवर गेलो. चाळ फोडून निवडणी चालली होती. घरच्या काकू बायांबरोबर बसून सडका, काजळी आलेला कांदा बाजूला काढत होत्या. एप्रिलच्या अवकाळीने भिजलेला माल, टिकणार नाही हे भरतानाच ठाऊक होतं. मीही निवडायला बसले. नुसती वही घेऊन समोर उभं राहिलं की लोक अर्जावरच्या रकान्यांसारखी उत्तरं देतात.

"वास पहिल्यांदा कधी आला, काकू?"

"आषाढात."

"मग काय केलं तेव्हा?"

"काय करणार? काहीच नाही."

बायांची वानवा होती, हे एक. पण खरी अडचण दुसरीच. चाळ एकदा फोडली की कांदा परत भरता येत नाही. हाताळलेला माल आणखी लवकर बसतो. म्हणजे फोडली की विकायचीच. आषाढात भाव नव्हता. म्हणून वास येत असूनही त्यांनी जाणूनबुजून महिनाभर कळ काढली. चार पाट्या सडल्या तरी चालतील, पण भाव यावा. भाव जरा वर आला तोच शुल्क लागलं. "तुमचं मशीन आठ दिवस आधी सांगंल," काकू म्हणाल्या, "पण आठ दिवस आधी भाव कोण देईल?"

थोरला इंजिनिअर गप्प झाला. त्यांच्या सगळ्या आकडेमोडीत सड म्हणजे न कळलेलं नुकसान होतं. इथे ते कळून-सवरून सोसलेलं नुकसान होतं. अशा नुकसानीचा इशारा विकत कोण घेईल? घरात त्रागा तेवढा वाढायचा.

निघता निघता काकूंनी शेजारच्या मळ्याकडे बोट दाखवलं. "तिकडं जा. त्यानं चाळीत पंखा बसवलाय, येडं म्हणत्यात त्याला."

त्या 'येड्या'कडे आमची संध्याकाळ गेली. चाळीच्या तळाशी भोकं पाडलेले पीव्हीसी पाइप टाकून त्याने त्यांना ब्लोअर जोडला होता. पंधरा-वीस हजार स्वतःच्या खिशातले, अनुदान नाही. मी मुद्दाम त्याची आदली रात्र तपशीलवार विचारली. थ्री-फेज लाइट रात्री येते, म्हणून तो उठून चाळीत जातो. पण नुसतं बटण दाबून भागत नाही. बाहेरची हवा दमट असेल तर ब्लोअर आत ओलच ढकलतो, आणि फायदा राहिला बाजूला, सड वाढते. मग अंगणात उभं राहून अंदाज घ्यायचा: चालू करू की झोपू? गेल्या पावसात अंदाज चुकला आणि एका कप्प्याचा कांदा गेला. ही हकीकत तो न विचारता, दोनदा सांगून गेला. दोनदा सांगितलेल्या गोष्टीखाली मी रेघ ओढते.

डबी मी तेव्हा कुठे बाहेर काढू दिली. त्याने कौतुक वगैरे केलं नाही. उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "ही माझा ब्लोअर आपोआप चालू-बंद करंल का? आतली हवा, बाहेरची हवा बघून?" दमटपणा मोजायची सोय डबीत होतीच, तिचा असा उपयोग कुणाला सुचला नव्हता. मी विचारलं, तशी केली तर आगाऊ काय द्याल? "पैसे आत्ता नाही. स्टार्टर अन् वायर मी आणतो, एका कप्प्याला लावून द्या. चालली तर दुसऱ्या चाळीचे रोख." पैसे नव्हते, पण दिवसभरात कुणीतरी स्वतःचं काही पणाला लावलं ते इथेच.

गाडीत दोघांची जुंपली. धाकट्याचं म्हणणं, ब्लोअरवाले असतील कितीसे? थोरल्याचं म्हणणं, जे असतील ते पैसे खर्चून बसलेत. मी गाडी मोटार-पंपाच्या दुकानापाशी थांबवायला लावली आणि मालकांना विचारलं, चाळीसाठी म्हणून ब्लोअर नेणारे येतात का? येतात, पण तुरळक. बहुतेक जण नदीकाठच्या गावांतले, तिथे रात्री दमट फार. नावं त्यांनी दिली नाहीत, गावं सांगितली. पुढच्या फेरीसाठी मी तीच गावं उतरवून घेतली. पोरं घरी पोचेपर्यंत 'सडीचा इशारा' हा शब्दप्रयोग जाहिरातीच्या मसुद्यातून निघाला होता.