लेक व्हर्मिलियनवर मस्कीसाठी तीन दिवस : माझा अनुभव

मिनेसोटात येऊन मला अकरा वर्षं झाली. त्यातली सहा वर्षं मी मस्की माशाच्या मागे आहे, आणि ती सगळी घराजवळच्या लेक मिनेटोंकावर गेली. तिथे खडक कुठे आहेत आणि पाणवनस्पतींची कड कुठे संपते, हे मला तोंडपाठ आहे. गेल्या वर्षी जुलैमध्ये ठरवलं की या शरदात उत्तरेला लेक व्हर्मिलियनवर जायचं. तिथे मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. मेहुणा शिकागोला असतो. त्याला फोन केला तर म्हणाला, "दाजी, तारीख सांगा, मी सुट्टी टाकतो."

मस्की हा पाइकच्या कुळातला, गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा. चार फुटांचा मस्की पाण्यात आडवा उभा असतो तेव्हा बुडालेला ओंडकाच वाटतो. इथले लोक त्याला दहा हजार फेकींचा मासा म्हणतात. लहानपणी कराडला कृष्णेच्या काठी गळ टाकून बसायचो, तेव्हा वाट बघणं म्हणजे एका जागी बसून राहणं होतं. मस्कीची वाट उभं राहून, जड आमिष दिवसभर फेकत बघावी लागते. म्हणून जागा चुकली तर फार महागात पडतं.

व्हर्मिलियनच का, तर तिथल्या माशांमुळे. या तळ्यात मस्की मूळचा नाही. राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाने, ज्याला सगळे डीएनआर म्हणतात, १९८० च्या दशकात तिथे पिल्लं सोडायला सुरुवात केली. त्याआधी मिनेसोटात बरीच वर्षं शूपॅक लेकच्या वाणाची पिल्लं सोडली जात होती. तो वाण मुळातच लहान राहणारा. पुढे लीच लेकचा वाण खूप मोठा होतो हे लक्षात आलं आणि विभागाने वाणच बदलला. व्हर्मिलियनमध्ये आहेत ते लीच लेकचे वंशज. कुणीतरी चूक ओळखून धीराने दुरुस्त केली, त्याचं फळ आज माझ्यासारख्याला मिळतंय. मला याचं फार अप्रूप वाटतं.

तारीख ठरवण्यात पंधरा दिवस गेले. उन्हाळ्यात अशा तळ्यात वर गरम आणि खाली थंड असे पाण्याचे थर असतात, ते एकमेकांत मिसळत नाहीत. शरदात वरचं पाणी गार होतं, जड होतं आणि खाली बसू लागतं. वारा त्याला हातभार लावतो आणि एके दिवशी सगळं तळं ढवळून निघतं. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं, त्याच गुणधर्माचा हा सगळा खेळ. ढवळण सुरू असताना मासे विखुरतात, कुठे सापडतील याचा नेम नसतो. ती संपली की ते खडकाळ, एकदम खोल होणाऱ्या उतारांवर येतात, कारण त्यांचं खाद्यही तिकडेच सरकतं. तुलिबी नावाचा चंदेरी मासा शरदाच्या शेवटी खडकाळ उथळ भागात अंडी घालायला येतो, आणि मस्की त्याच्या आधीच तिथे दबा धरून असतो. सप्टेंबरच्या शेवटी गेलो तर ढवळणीत सापडायचो, नोव्हेंबरात गेलो तर बोट पाण्यात उतरवायच्या रॅम्पवर बर्फ. मी ऑक्टोबरचा दुसरा आठवडा धरला.

मग नकाशा. व्हर्मिलियन साधारण ३९,००० एकरांचं आहे, आणि वर्षाच्या दिवसांइतकी म्हणजे ३६५ बेटं त्यात आहेत असं सांगतात. डीएनआरच्या लेकफाइंडर या वेबसाइटवरून खोलीचा नकाशा काढून मी जेवणाच्या टेबलावर पसरला आणि पहिला आठवडा नुसता घाबरून गेलो. प्रत्येक बेटाच्या टोकाशी एक चांगली जागा दिसत होती. सगळीकडे खुणा करत बसलो तर साठेक खुणा झाल्या. तीन दिवसांत साठ जागा म्हणजे एकही नीट होणार नाही.

बायकोने नकाशा बघून विचारलं, "यातलं तुम्ही काय बघणार नाही, ते आधी ठरवलंत का?" तिथून सगळं सुटायला लागलं. मी लाल पेन्सिल घेऊन खोडायला बसलो. तळ्याचा पूर्वेकडचा अर्धा भाग, टॉवर गावाच्या बाजूचा, पूर्ण खोडला. तिथल्या बिग बेमध्ये मोठं उघडं पाणी आहे आणि माझी बोट सतरा फुटांची. शरदातला वायव्येचा वारा तिथे लाटा उठवतो. पश्चिमेला, कुक गावाच्या बाजूला, वेकमप बे आणि तिच्या आसपासचा भाग ठेवला. त्यातही रॅम्पपासून वीस मिनिटांत पोहोचता येईल तेवढाच. शेवटी चार उतार उरले. प्रत्येकाजवळ खडक, प्रत्येकी एका बाजूला किमान तीस फूट खोली, आणि कुठल्याही वाऱ्यात चारांतला एक तरी आडोशाला. पूर्वेकडे तीन फुटी मासे गळाला लागत असतील, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही, पण खोडलेलं परत उघडलं नाही.

राहण्याची सोय हा एकच भाग मनस्ताप देणारा. जिथे पैसे भरले होते त्या रिसॉर्टने निघण्याच्या नऊ दिवस आधी कळवलं की ते हंगाम लवकर बंद करत आहेत. उत्तरेत ऑक्टोबरात बरेच जण गोठण्याआधी नळाचं पाणी बंद करतात. मला आधी विचारायला हवं होतं. पाच फोननंतर कुकजवळ एक केबिन मिळाली. मालकीणबाईंनी आपणहून सांगितलं की रॅम्पचा धक्का काढून ठेवलेला असेल, गुडघ्यापर्यंतचे बूट आणा. हे कुठल्याही नकाशात नव्हतं.

सामानाचं लांबवत नाही. ८० पाउंडांची विणलेली दोरी, दोरी आणि आमिषाच्या मध्ये लावायचा, दात चालणार नाहीत असा जाड लीडर, फूटभर लांब रबरी आमिषं, मोठी जाळी, लांब पक्कड आणि गळ कापायचं कटर. मस्की तोंडात तिहेरी टोकांचे गळ घेऊन उसळतो, तेव्हा गळ कापून त्याला मोकळं करणं हे काही सेकंदांचं काम असावं लागतं. कोरडे कपडे वेगळ्या बंद पिशवीत. लाइफ जॅकेट सतत अंगात. यावर मी मेहुण्याशी वाद घातला. इतक्या थंड पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास आवरण्यात जातं आणि पुढे साधारण दहा मिनिटंच हातपाय कामाचे राहतात. जॅकेट शोधायला तेवढा वेळ नसतो. त्याने ते घातलं ते केबिनमध्येच काढलं. त्याचा ७२ तासांचा परराज्याचा परवाना मी ऑनलाइन काढून ठेवला होता.

मिनीॲपोलिसहून साडेतीन-चार तास. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर होती.

पहिल्या सकाळी दोन तास आम्ही रॉडला हात लावला नाही. फक्त पाण्याखालचा तळ आणि मासे दाखवणाऱ्या सोनार यंत्रावर चारही उतार फिरून बघितले. मेहुणा कंटाळला, पण मला खाद्य कुठे आहे ते बघायचं होतं. दोन उतारांवर काही नव्हतं. तिसऱ्यावर, बुडालेल्या खडकाच्या पूर्वेकडे, अठरा फुटांवर तुलिबीचे ढग दिसले. पाण्याचं तापमान ४९ फॅरनहाइट, सगळीकडे एकसारखं. ढवळण संपली होती. दिवसभर फेकलं, काही नाही.

दुसऱ्या दिवशी वारा वळला आणि तिसरा उतार वाऱ्याच्या तोंडी आला. दुपारी चारच्या सुमारास माझ्या आमिषामागे एक काळपट सावली आली. बोटीशी आल्यावर रॉडचं टोक पाण्यात घालून इंग्रजी आठाचा आकडा काढायचा असतो, कारण मस्की बरेचदा शेवटच्या वळणावर ठरवतो. मी दोन आठ काढले. तो खाली गेला. माझे हात थरथरत होते. आम्ही जागेची खूण केली, तासभर तिथून लांब राहिलो आणि सूर्य बुडायच्या आधी, सव्वासहाच्या सुमारास, परत आलो. मेहुण्याची आठवी की नववी फेक होती. आमिष बोटीशी आलं आणि मी ओरडलो, "थांबू नकोस, फिरव!" तिसऱ्या आठाच्या मोठ्या वळणावर पाणी फुटलं.

४७ इंच. मिनेसोटात ५४ इंचांखालचा मस्की ठेवता येत नाही, आणि मोठा असता तरी आम्ही ठेवला नसता. हवा गोठणबिंदूखाली उतरत होती. अशा हवेत मस्कीच्या कल्ल्यांना आणि डोळ्यांना इजा होते, म्हणून त्याला जाळीतच पाण्यात ठेवून गळ काढला, एकदाच उचलला, एक फोटो. मेहुण्याने शेपटीजवळ धरून ठेवलं. अर्ध्या मिनिटाने त्याने स्वतःच झटका दिला आणि गेला. मेहुणा ओल्या हातांनी तसाच बसून राहिला, बराच वेळ काही बोलला नाही.

तिसरा दिवस कोरडा गेला. बोट काढल्यावर तळाचं बूच उघडलं, ट्रेलरवरच्या वनस्पती काढल्या, दोऱ्या पुसल्या. व्हर्मिलियनमध्ये २०१५ साली काटेरी पाणपिसू, म्हणजे बाहेरून आलेला एक बारीक उपद्रवी जलचर, सापडली, ती दोरीवर कापसासारखी चिकटून दुसऱ्या तळ्यात जाऊ शकते. मेहुणा गाडीत बसला होता. त्याने नकाशा उघडला, खोडलेल्या पूर्वेच्या भागावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "दाजी, इथे मोठी बोट लागेल ना?"