पावडर

कार्यक्रम संपला की कुणीतरी विचारतंच, "आजीवरच्या कवितांमधलं सगळं खरं आहे का?" आणि पाठोपाठ, जरा आवाज खाली आणून, "म्हणजे तुम्ही नक्की किती?" अर्ध्या की पाव, असं त्यांना म्हणायचं असतं.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आईची आई अँग्लो-इंडियन. तिचे वडील जीआयपी रेल्वेत ड्रायव्हर, घर भुसावळला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. तिने मराठी कारकुनाशी लग्न केलं आणि राज्यघटनेच्या लेखी आमची फांदी तिथेच तुटली. कलम ३६६(२) प्रमाणे वडील किंवा त्यांच्याकडचा पुरुष पूर्वज युरोपीय वंशाचा लागतो. आईकडून आलेलं धरत नाहीत. तेव्हा "किती" याचं कायदेशीर उत्तर शून्य. लोकसभेतल्या अँग्लो-इंडियनांच्या दोन नेमणुकीच्या जागा २०२० मध्ये गेल्या, तेव्हा एका गृहस्थांनी मला सांत्वनाचा फोन केला होता. काय बोलणार!

"हे इंग्रजीत लिहायला हवं होतं," असंही सांगतात, दाखल्याला डिरोझिओ, एकोणिसाव्या शतकातला कोलकात्याचा अँग्लो-इंडियन कवी. त्याची कवितेची भाषा इंग्रजी होती, माझी मराठी आहे. विषय संपला.

पहिल्या प्रश्नाला मात्र मी वर्षानुवर्षं "हो, सगळं खरं" म्हणत आले. सगळं खरं नाहीये.

ज्या कवितेमुळे लोक मला ओळखतात, तिच्यात आजी रोज सकाळी पावडर लावते. मानेवर, कानामागे, पांढरीफटक, आपल्यातली सावळी बाई पुसून टाकायला. दिवाळी अंकात आली तेव्हा पत्रं आली, एकीने तर रडल्याचं लिहिलं. आईने ती ओट्यापाशी उभ्याउभ्याच वाचली. चष्मा काढला.

"अगं, घामोळ्याची पावडर ती. भुसावळचा उन्हाळा माहितीये का तुला?"

मी हसले. ती हसली नाही.

"लपवायची ते वेगळंच. क्रोशाचे खांब इंग्रजीत मोजायची, पुटपुटत. दारात सासू दिसली की तिथल्या तिथे मराठी. फोर्टीन, फिफ्टीन, सोळा, सतरा. खांब कधी चुकला नाही." अंक मिटून तिने डब्यांच्या मागे सरकवला. "त्या घरात मी वाढले. मला विचारावंसं नाही वाटलं?"

मग महिनाभर आमचं कामापुरतं बोलणं.

तेव्हा मी स्वतःला बजावलं होतं की कविता म्हणजे पंचनामा नव्हे. आजही तेच म्हणते, पण आता ते फार सोयीचं वाटतं. बाई मराठी व्हायला धडपडत होती आणि मी तिला गोरं करत बसले. का, तर दोन रक्तांच्या बाईचं दुःख वाचकाला तसंच लागतं. मलाही तसंच लागत होतं.

खांबांवर लिहायला कितीदा बसले. जमत नाही. आईने ओट्यापाशी सांगितलं त्यापुढे एक ओळ सरकत नाही, आणि ते तर तिचं आहे.

पावडरची कविता काढून टाकली का? नाही. मागच्या महिन्यातही वाचली, आई पहिल्या रांगेत होती. परत येताना रिक्षात बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "कानामागे मात्र लावायची हं ती. तिथे कुठलं आलंय घामोळं."