एकाच मालाचे तीन नफे: शिल्लक मालाचा दर कसा धरावा

एका वस्तूचे 100 नग शिल्लक आहेत, खरेदी दर 40. मग 46 दराने 100 नग आले, पुढे 52 ने आणखी 50. महिनाभरात 60 दराने 160 नग विकले गेले. विक्री 9,600, त्यात वाद नाही. नफा किती म्हटलं की मात्र तीन उत्तरं येतात.

आधी आलेला माल आधी गेला असं धरलं, म्हणजे फिफो, तर विकलेल्या मालाची किंमत 6,760 आणि ढोबळ नफा 2,840. शेवटी आलेला आधी गेला असं धरलं, म्हणजे लिफो, तर 7,600 आणि 2,000. एकूण खरेदी 11,200 ला 250 नगांनी भागून 44.80 ही भारित सरासरी लावली, तर 7,168 आणि 2,432. फरक मुरतो तो उरलेल्या 90 नगांच्या किमतीत: अनुक्रमे 4,440, 3,600 आणि 4,032. दर चढत असले की फिफो नफा जास्त दाखवतो, उतरत असले की कमी.

लिफो बाजूलाच ठेवा. आंतरराष्ट्रीय लेखामानक आयएएस 2 मध्ये 2005 पासून तो चालत नाही, अमेरिकेत चालतो.

छोट्या दुकानातल्या रोजच्या, एकसारख्या मालाला माझ्या मते चल सरासरी सगळ्यात सोयीची. प्रत्येक खरेदीनंतर शिल्लक किंमत भागिले शिल्लक नग, एवढाच हिशेब. महाग आणि अनुक्रमांक असलेल्या वस्तूंना मात्र ज्या-त्या नगाचा खरा खरेदी दर लावावा. तिथे सरासरी काढली तर कोणत्या नगावर किती सुटले ते कळतच नाही. मालाचा प्रकार वेगळा असेल तर पद्धत वेगळी चालते, पण एकाच प्रकारच्या मालाला दोन पद्धती लावू नयेत.

दर 52 आला कुठून, तेही बघा. बिलातला दर 50 होता. 50 नगांचं गाडीभाडं 100, म्हणजे नगामागे 2 वाढले. भाडं मालाच्या किमतीत धरायचं, व्यापारी सूट वजा करायची, परत मिळणारा कर धरायचा नाही. दुकानाचं भाडं आणि विक्रीचा खर्चही यात येत नाही.

चल सरासरी बिघडते ती बहुतेक वेळा उणे शिलकीमुळे. माल आला, विकायलाही काढला, पण खरेदी बिल चढवायचं राहिलं. शिल्लक शून्य असताना 10 नग विकले गेले आणि संगणकाने जुनी सरासरी 43 लावली, तर खात्यात उणे 10 नग, उणे 430. नंतर 50 नगांचं 2,600 चं बिल चढलं की 40 नग आणि 2,170 उरतात. नवी सरासरी 54.25! एवढ्या दराने तर एकही नग घेतलेला नाही. काही प्रणाली हा फरक आपोआप दुरुस्त करतात, काही करत नाहीत. दोन बिलं घालून आपल्या प्रणालीचं वागणं एकदा तपासाच. शक्य असेल तर उणे शिलकीवर विक्री होणारच नाही अशी सेटिंग ठेवा.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे 12 नगांचा खोका 1 नग म्हणून चढवणं. फिफोत ही चूक त्याच एका खरेदीपुरती राहते, सरासरीत ती सगळ्या शिलकीत पसरते.

पद्धत कोणतीही असो, पडून राहिलेला माल तपासावा लागतोच. खरेदी 46 ची, आता 38 ला जेमतेम जाईल आणि विकायला 2 खर्च येईल, तर तो 36 नेच धरायचा.

आणि विक्रीचा भाव ठरवताना सरासरी बघू नका, ताजं खरेदी बिल बघा. सरासरी 44.80 दाखवत असली, तरी रिकामी झालेली फळी पुन्हा भरायला 52 लागणार आहेत.