क्यू नवा, शॉट जुनाच

पूल खेळायला नवीन क्यू, म्हणजे बॉल मारायचा लांब दांडा, घेतला आणि माझा खेळ बिघडला. म्हणजे आधी फार भारी होता अशातला भाग नाही, पण सरळ समोरचा बॉल दहातून सात-आठ वेळा तरी जायचा, आणि क्यू आणल्यावर पहिले दोन-तीन आठवडे तोच बॉल पॉकेटच्या तोंडाच्या उजव्या कडेला, म्हणजे जबड्याला, टक्कन लागून बाहेर यायचा आणि माझ्याकडे बघत बसायचा. नाचता येईना अंगण वाकडं हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण इथे मी स्वतःच्या खिशातून पैसे घालून अंगण सरळ करून घेतलं होतं आणि आता पाय वाकडे पडत होते!

क्यू निवडताना मी जो काही अभ्यास केला तेवढा परीक्षेला केला असता तर आज कुठच्या कुठे असते. पूलचा क्यू साधारण 58 इंच लांब, वजन 18 ते 21 औंस, टिप, म्हणजे बॉलला लागणारं चामड्याचं टोक, बारा-तेरा मिलिमीटर, इथपर्यंत ठीक होतं, पण मग 19 औंस की साडेएकोणीस, टिप सॉफ्ट की मीडियम, पकडीवर लिनन की लेदर की काहीच नको, क्यूचे दोन भाग जोडणारा जॉइंट कुठला, असं करत करत मी अशा थराला पोचले की अर्ध्या औंसावरून रात्री झोप लागेना. अर्धा औंस म्हणजे चौदा ग्रॅम. मनगटातल्या घड्याळाचं वजन त्याहून जास्त असतं आणि ते काढून खेळावं की घालून हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता.

आणि हे सगळं कशासाठी, तर टिप पांढऱ्या बॉलला, म्हणजे ज्याला क्यूने मारून बाकीचे बॉल घालायचे त्याला, चिकटून असते साधारण एक हजारांश सेकंद. पापणी लवायला याच्या शंभरपट तरी वेळ लागतो. तेवढ्या वेळात पकडीवरचं लेदर आणि दांड्यावरची नक्षी बॉलला काय सांगणार, कपाळ?

टिपचं मात्र तसं नाही, ती खरंच महत्त्वाची, आणि सगळ्यात स्वस्त वस्तू असल्यामुळे तिच्याकडे कुणी बघत नाही. क्यूला चामड्याची टिप लावायची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या मँगो नावाच्या माणसाने रूढ केली, आणि त्यानंतर हा खेळच बदलला, कारण चामडं बॉलला धरतं म्हणून तर स्पिन देता येतो. टिपला लावायच्या चॉकचंही तेच. चॉक म्हणतात पण तो खडू नाहीच, त्यात सिलिका आणि खरखरीत पूड असते, आणि हे मिश्रण स्पिंक्स आणि हॉस्किन्स या दोघांनी 1897 मध्ये पेटंट केलं. माझी टिप मात्र सुरुवातीला गुळगुळीत चकचकीत झालेली, आणि मी चॉकचा ठोकळा तिच्यावर ड्रिल मशीनसारखा गरागरा फिरवायचे, त्याने चॉकला मधे खड्डा पडतो आणि टिपच्या कडा कोरड्याच राहतात. ब्रश मारल्यासारखा हळू लावायचा असतो. हे कळायला मला दीड वर्ष लागलं, असो.

तर मूळ मुद्दा, उजवा जबडा. मी घेतला होता लो डिफ्लेक्शन शाफ्टवाला क्यू, म्हणजे ज्याच्या पुढच्या भागाने, शाफ्टने, मारलं की पांढरा बॉल कमी भरकटतो. पांढरा बॉल मधोमध न मारता जरा डावीकडे मारला की तो सरळ न जाता थोडा उजवीकडे सरकून निघतो, आणि किती सरकतो ते शाफ्टच्या टिपकडच्या वीतभर भागाच्या वजनावर ठरतं. टोक जड तर जास्त सरकतो, हलकं तर कमी. म्हणून या शाफ्टचं टोक आतून पोकळ करतात, फेरूल, म्हणजे टिपखालची कडी, छोटी ठेवतात, किंवा अख्खा शाफ्टच कार्बन फायबरचा करतात. चांगलीच गोष्ट आहे की, मग माझंच का बिघडलं?

उत्तर मिळालं एका पट्ट्याच्या बॉलमुळे. आमच्या टेबलावर एक आजोबा येतात, फारसं बोलत नाहीत, रॅकमधला हाताला येईल तो क्यू उचलतात. त्यांनी एकदा पांढरा बॉल बाजूला ठेवला आणि त्या जागी पट्ट्याचा बॉल ठेवला, पट्टा उभा, सायकलच्या चाकासारखा समोरच्या पॉकेटच्या दिशेने. म्हणाले, "हाण गं आता, जरा वरच्या अंगाला, पण मधोमध." मी हाणला. पट्टा चाकासारखा सरळ गडगडत जायला हवा होता, तो पहिल्या वीतभरातच लडबडायला लागला, पंक्चर झालेल्या रिक्षासारखा. दहा वेळा मारला, नऊ वेळा लडबडला, आणि दरवेळी एकाच बाजूला. म्हणजे मी वर्षानुवर्षं पांढऱ्याला मधोमध मारतेय असं समजत होते आणि मारत होते डावीकडे.

आता गंमत बघा. जुन्या जाडजूड क्यूने डावीकडे मारलं की पांढरा उजवीकडे सरकायचा, आणि खेळून खेळून माझा डोळा नकळत नेमच थोडा डावीकडे धरायला शिकला होता. एक चूक उजवीकडे ओढणार, दुसरी डावीकडे, दोघींचा संसार सुखाने चालला होता आणि बॉल पॉकेटमध्ये जात होता. नवीन शाफ्टने त्यातली एक घराबाहेर काढली. नेम डावीकडेच राहिला, पांढरा सरकेना, समोरच्या बॉलला डाव्या अंगाला लागायला लागला आणि तो निघाला उजव्या जबड्याकडे. क्यू बिचारा खरं बोलत होता आणि मी रोज त्यालाच शिव्या घालत होते.

अमेरिकन पूल चॅम्पियन विली मॉस्कोनीने 1954 मध्ये न चुकता सलग 526 बॉल घातले तेव्हा लो डिफ्लेक्शन हा प्रकार बाजारात नव्हताच. म्हणून शाफ्ट घेऊ नये असं मी म्हणत नाही, मला माझा आवडतोच, परत विकणार नाही. पण कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते की दांडा सरळ असावा, टिप बरी असावी, हातात घेतल्यावर तोल विचित्र वाटू नये, आणि एकदा घेतला की वर्षभर दुसऱ्याकडे बघू नये. ब्रेकचा, म्हणजे डावाचा पहिला फटका मारायचा, वेगळा क्यू वगैरे नंतर. रंग आवडला म्हणून घेतलात तरी चालेल, मीही रंगावरच घेतला शेवटी, एवढा अभ्यास करून!

डावीकडे का मारते हे शोधायला फोन उभा करून व्हिडिओ काढला. फार शोधावं लागलं नाही. क्यू पुढे जातो तेव्हा माझं डोकं वर येतं, बॉल गेला का बघायला, आणि डोक्यासोबत खांदा, खांद्यासोबत कोपर, आणि टिप जाते डावीकडे. आजोबांना दाखवलं तर म्हणाले, "बॉल कुठे पळून जात नाही गं, नंतर बघ."

तेव्हापासून रोज पहिली पंधरा मिनिटं फक्त पट्ट्याचा बॉल. काल सलग सहा वेळा पट्टा सरळ गेला, अगदी चाकासारखा. सातव्यांदा तो सरळ जातोय का हे बघायला मी डोकं वर केलं.