आवाज बंद करून

रविवारी दुपारी लसूण सोलत बसले होते. मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवलेला. कुठून कुठून भटकत एक जुनी लढत समोर आली. 22 जानेवारी 1973, जमैकातलं किंग्स्टन, जो फ्रेझिअर विरुद्ध जॉर्ज फोरमन. बॉक्सिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण फ्रेझिअर कोसळला आणि एक नाकातला, खरखरीत, जराही गोड नसलेला आवाज ओरडला, "डाउन गोज फ्रेझिअर!" एकदा नाही, लागोपाठ तीनदा. दोन फेऱ्यांत तो गडी सहा वेळा पडला म्हणे, पण लोकांच्या कानात राहिली ती ही पहिली आरोळी.

हा आवाज कॉमेंटेटर हॉवर्ड कोसेलचा. मूळचा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये वाढलेला वकील. 1953 साली अमेरिकेतल्या एबीसी रेडिओवर शाळकरी पोरांच्या बेसबॉलचा कार्यक्रम करायला लागला, तोही बिनपगारी. मग वकिली सुटली आणि खेळांवर बोलणं, म्हणजे खरं तर भांडणं, हाच धंदा झाला. डोक्यावर केसांचा टोप. तो उपटायची धमकी महंमद अली त्याला कॅमेऱ्यासमोर द्यायचा, आणि हा ऐकून घ्यायचा. कॅशिअस क्लेचा अली झाल्यावर बरेच जण हट्टाने जुनंच नाव रेटत होते, पण कोसेल त्याला अलीच म्हणायचा. त्याचं स्वतःचं जन्माचं आडनाव कोहेन होतं. नाव बदलणं म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आमच्या घरी क्रिकेटच्या वेळी बाबा टीव्हीचा आवाज बंद करून ट्रान्झिस्टर लावायचे. बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंट्री असली की विचारूच नका. आई म्हणायची, "एका मॅचला वीजही जाळायची आणि सेलही?" सेल संपत आले की खिडकीत उन्हाला ठेवायचे, हे काम माझं. अजूनही मुक्या मॅचकडे मला बघवत नाही. लेक आवाज बंद करून बघतो, मी उठून आत जाते.

तर कोसेल. त्याच नादात पुढची लढत लावली. 26 नोव्हेंबर 1982, ह्यूस्टन. लॅरी होम्स टेक्स कॉबला पंधरा फेऱ्या बडवत राहिला आणि पंच काही थांबवेना. कोसेलचा आवाज हळूहळू लढतीवरून पंचावर गेला. त्यानंतर व्यावसायिक बॉक्सिंगची कॉमेंट्री त्याने कधीच केली नाही. कॉबनेही यावर विनोद करून घेतला: हा माणूस फुटबॉलची कॉमेंट्रीही सोडणार असेल तर मी आणखी पंधरा फेऱ्या खायला तयार आहे!

हसले मी. मग पुन्हा बघायला लागले. पाचव्या-सहाव्या फेरीत कधीतरी माझाच अंगठा बटणाकडे गेला आणि आवाज बंद झाला. ठोसे चालूच होते. निम्मा लसूण सोलायचा राहिला होता.